गाण्याचा पंचनामा कोण करणार?



रॅपवरून आपल्यात दोन तट पडलेत. दोन्ही तटांना चार शब्द सुनवायचे आहेत.

पहिला तट जुन्याजाणत्यांचा. ते म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ. ढगळ पँट, उलटी टोपी, गळ्यात साखळी, तोंडात शिवी. वामनदादांच्या गाण्यावर वाढलेल्या चळवळीनं असल्या बडबडीकडे कशाला बघायचं? दुसरा तट पोरांचा. यांच्या कानात दिवसरात्र तेच. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काढलेली अंडरग्राउंड गाणी हे कुठूनकुठून शोधून आणतात. एकेक ओळ थांबवतात, मागे नेतात, परत ऐकतात. इथं अॅटिका आलं, इथं असाटा आली, इथं गार्वे आला. ज्याला जास्त संदर्भ सापडले तो शहाणा. झालं! शब्दकोडं सुटल्यावर पेपर रद्दीत टाकावा तशी ओळ टाकतात आणि पुढची घेतात.

पहिल्यांना ऐकायचंच नाही. दुसऱ्यांना ऐकून काही करायचं नाही. निकाल एकच. ओळीत ज्याचं नाव आलं तो माणूस दुसऱ्यांदा मरतो.

आणि या दोघांच्या पलीकडे एक तिसरा बसलाय. तो गाणं नीट ऐकतो. शब्द न् शब्द लिहून घेतो. अर्थ लावतो. त्याच्याकडे पगारी माणसं आहेत, कोठडी आहे, शिक्का आहे. तो म्हणजे पोलीस. आपण वाद घालत बसलोय आणि गाण्याचा पंचनामा तो करून मोकळा होतोय!

—०—

आधी हे संदर्भ म्हणजे काय चीज आहे ते बघू. एकच नाव घ्या. फ्रेड हॅम्पटन. अमेरिकेच्या काळ्या गाण्यात हे नाव पुन्हा पुन्हा येतं. कधी नाव येतं, कधी नुसती तारीख.

कोण हा? शिकागोच्या ब्लॅक पँथर पार्टीचा पुढारी. वय २१. पँथर वस्तीतल्या पोरांना शाळेच्या आधी फुकट न्याहारी द्यायचे, त्या कामातला. काळ्यांची, पोर्टो रिकनांची आणि गरीब गोऱ्यांची संघटना एका मोळीत बांधायला निघालेला. ४ डिसेंबर १९६९. पहाटे पावणेपाचचा सुमार. २३३७, वेस्ट मनरो स्ट्रीट. पोलीस आत घुसले. नव्वदच्या आसपास गोळ्या पोलिसांच्या. पँथरांकडून सुटली असेल तर एक. हॅम्पटन बिछान्यातच संपला. त्याच घरात मार्क क्लार्क हा २२ वर्षांचा कार्यकर्ताही मेला. पोलिसांना घराचा नकाशा मिळाला होता. पलंग कुठं आहे तेसुद्धा त्यात होतं. नकाशा काढून देणारा विल्यम ओ'नील पक्षातलाच, सुरक्षेचं काम बघणारा. एफबीआयनं त्याला वर ३०० डॉलरची बक्षिसी दिली. माणसाचा भाव लक्षात ठेवा!

हॅम्पटनच्या शेजारी त्याची गरोदर सोबतीण झोपलेली होती. ती वाचली. पंचवीस दिवसांनी तिला मुलगा झाला. डेड प्रेझ या जोडीचा 'लेट्स गेट फ्री' हा अल्बम २००० साली आला. त्यातल्या 'बिहाइंड एनिमी लाइन्स' या गाण्यात ही तारीख आहे आणि हा मुलगाही आहे. गाणं आलं तेव्हा मुलगा तुरुंगात होता. म्हणजे एका ओळीत बापाचा खून, पोराचा तुरुंग आणि मधली तीस वर्षं. १९८२ मध्ये शहर, काउंटी आणि केंद्र सरकारनं मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला. खुनासाठी एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. कोर्टात न लागलेला निकाल लोकांनी गाण्यात चालू ठेवला. संदर्भ म्हणतात तो हा!

आता त्याच तारखेचा दुसरा वापर बघा. जे-झी हा बडा रॅपर ४ डिसेंबर १९६९ लाच जन्मला. २०११ च्या 'वॉच द थ्रोन' या अल्बममध्ये तो हा योगायोग सांगतो. अल्बमचं नाव बघा, सिंहासनावर डोळा! तारीख तीच, मेलेला माणूस तोच. एकाच्या हातात ती फिर्याद आहे. दुसऱ्याच्या छातीवर तो बिल्ला झालाय. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे 'संदर्भ ओळखला' एवढंच समाधान असेल तर फिर्यादी आणि बिल्लेवाला सारखेच ठरतात. माझं भांडण इथं आहे.

बाजाराला संदर्भ चालतो, हिशोब चालत नाही. आपल्याकडं नाही का? बाबासाहेबांचा फोटो चालतो, 'जातिसंहार' म्हटलं की तोंड कडू होतं.

—०—

अंडरग्राउंड हा शब्दही समजून घ्या. आपल्याकडं भूमिगत म्हटलं की बेचाळीसचं पत्री सरकार आठवतं. इथला अर्थ साधा आहे. कंपनीचा पैसा नाही, कंपनीचा चाप नाही. इम्मॉर्टल टेक्निक घ्या. जन्म पेरूमधल्या लिमाचा, वाढला हार्लेममध्ये. तुरुंगातून सुटल्यावर त्यानं 'रिव्होल्यूशनरी'चा पहिला भाग २००१ मध्ये स्वतःच काढला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातोहात विकला. सत्तरच्या दशकात आपल्या पोरांनी स्टेन्सिल कापून, शाईनं हात काळे करून अनियतकालिकं काढली आणि नाक्यानाक्यावर खपवली. यंत्र वेगळं, धंदा तोच. ज्याला कुणी छापत नाही तो स्वतःच छापखाना होतो.

त्याच्या दुसऱ्या भागात, २००३ मध्ये, मुमिया अबू-जमालचा आवाज आहे. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं कुणीतरी भाषण करतंय. हा माणूस पूर्वी पँथर, नंतर फिलाडेल्फियात पत्रकार. एका पोलिसाच्या खुनाबद्दल १९८२ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. रेकॉर्ड आली तेव्हा ती शिक्षा त्याच्या डोक्यावर होती. २०११ मध्ये फाशी टळली, जन्मठेप राहिली. त्याच फिलाडेल्फियात १३ मे १९८५ रोजी पोलिसांनी मूव्ह या काळ्यांच्या संघटनेच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या नागरिकांवर! अकरा माणसं मेली, त्यात पाच लेकरं. आजूबाजूची ६१ घरं जळाली. एखाद्या ओळीत फिलाडेल्फिया, मूव्ह, ओसेज अव्हेन्यू असं काही आलं तर ते ठिकाणाचं नाव नसतं. ते जळलेलं घर असतं.

तसंच अॅटिका. न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये कैद्यांनी तो ताब्यात घेतला. १३ सप्टेंबरला सरकारनं गोळ्या घालून परत घेतला. त्या दिवशी ३९ जण मेले, २९ कैदी आणि ओलीस धरलेले १०. ओलिसांचे गळे कैद्यांनी कापले अशी बातमी आधी पसरवली गेली. शवतपासणीत निघालं की ओलीसही सरकारच्याच गोळ्यांनी मेलेत. गाण्यात तीन अक्षरं येतात, 'अॅटिका'. त्या तीन अक्षरांत एक सरकारी खोटं पकडून ठेवलंय.

टुपाक शकूर तर तुम्हाला माहीत आहे. तो अंडरग्राउंड नव्हता, करोडोंचा होता. पण नुसतं नाव उकला. त्याची आई अफेनी न्यूयॉर्कच्या पँथर खटल्यातली आरोपी. गरोदरपणात तुरुंग भोगला, कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली. १९७१ च्या मे महिन्यात सगळे निर्दोष सुटले. जूनमध्ये पोरगा जन्मला. त्याला नाव मिळालं ते स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड करून १७८१ मध्ये कुस्कोच्या चौकात हालहाल होऊन मेलेल्या तुपाक अमारूचं. आपल्याकडं पोराचं नाव सिद्धार्थ, मिलिंद, राहुल ठेवलं की आजोबांचं देव-देवस्की असलेलं नाव पुसलं जातं आणि १९५६ बोलायला लागतं. नाव हीच मागची गोष्ट. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

—०—

मग हे लोक सरळ का बोलत नाहीत? आडून का बोलतात?

कारण ऐकणारे दोन असतात. एक आपला, दुसरा पाळतीवरचा. ८ मार्च १९७१ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही माणसांनी एफबीआयचं ऑफिस फोडलं आणि कागद वर्तमानपत्रांना पाठवले. त्यातून 'कोइंटेलप्रो' हे नाव बाहेर आलं. चळवळीत खबरे घुसवायचे, खोटी पत्रं लिहायची, एकमेकांत लावालावी करायची, असा सरकारी धंदा चालला होता. ज्यांनी हे भोगलं त्यांची भाषा आडून चालायला शिकणारच.

गोंधळ्यांची करपल्लवी आठवा. बोटांच्या खुणांनी चारचौघांत बोलतात आणि चारचौघांना पत्ता लागत नाही. भटक्यांची पारुशी आठवा. गावाच्या पाटलासमोर बोलायची आणि पाटलाला कळू द्यायची नाही अशी बोली. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांनी बोली लपवली नसती तर जगले असते का? हार्लेममध्ये १९६४ साली क्लॅरेन्स थर्टीन एक्सनं फाइव्ह पर्सेंटर पंथ काढला. त्यांचं गणित असं : शंभरातले पंच्याऐंशी अंधारात, दहांना खरं माहीत पण ते लुबाडतात, उरलेले पाच गरीब पण न्यायी शिक्षक. या पंथानं अंकांना आणि अक्षरांना अर्थ दिले. रॅपर गोल करून आळीपाळीनं म्हणतात त्या गोलाला 'सायफर' म्हणतात, तो शब्द याच पंथाच्या बोलीतून रुळला. म्हणजे शून्य, वर्तुळ, पूर्ण. राकिमपासून वू-टँगपर्यंतच्या ओळी या बोलीनं भरल्यात. बाहेरच्याला वाटतं यमक जुळवलंय. आतल्याला घरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

१९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा पांढरपेशा वाचकाची अशीच गोची झाली. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, पण कितीक शब्द आपल्याला कळले नाहीत हे त्यांनी लपवलं नाही. बाकीचे 'अश्लील, अश्लील' करत पळाले. नामदेव ढसाळ बोलत होते ती मराठीच होती. फक्त त्या मराठीच्या गल्लीत हे लोक कधी फिरकले नव्हते.

म्हणून कोणत्याही गाण्याचे संदर्भ उकलायला बसण्याआधी एक फरक मनात पक्का करा. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. गाण्यात दोन तऱ्हेच्या गाठी असतात. एक गाठ स्मरणाची. हॅम्पटन, अॅटिका, ओसेज अव्हेन्यू. ही गाठ सोडलीच पाहिजे, चौकात सोडली पाहिजे, ओरडून सोडली पाहिजे. दुसरी गाठ आडोशाची. जिवंत माणूस, चालू जागा, आजचं नाव, वस्तीतला दोस्त. ही गाठ सोडायचा तुम्हाला काही अधिकार नाही. हुशारी दाखवायला तुम्ही ती चारचौघांत सोडली की तुम्ही ओ'नीलचं काम फुकटात केलं. त्यानंही उकलच केली होती. घर उकलून कागदावर मांडलं होतं!

मेलेल्यांचं सगळं सांगा. जित्यांचं काही सांगू नका. एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

—०—

हे मी हवेत बोलत नाही. पोलिसाची उकल कशी असते बघा.

लुईझियानातला मॅक फिप्स हा रॅपर. २००० साली एका क्लबात गोळीबार झाला, एक पोरगा मेला. २००१ मध्ये फिप्सला मनुष्यवधाबद्दल तीस वर्षांची सजा लागली. खटल्यात सरकारी वकिलानं त्याच्या दोन वेगळ्या गाण्यांतले तुकडे उचलले आणि एकाला एक जोडून ज्युरीला ऐकवले. त्यातला एक तुकडा व्हिएतनाम युद्धात लढून आलेल्या त्याच्या बापाबद्दल होता! बापाच्या युद्धाची ओळ पोराच्या कबुलीजबाबासारखी वापरली. वीस वर्षं आत काढून तो २०२१ मध्ये बाहेर आला.

न्यू जर्सीतला दुसरा खटला. आरोपीच्या वहीतली तेरा पानं गाणी ज्युरीपुढं वाचली गेली. बरीचशी गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे चूक ठरवलं. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. बॉब मार्लेनं शेरीफला गोळी घातल्याचं गाणं म्हटलं म्हणून त्यानं खरंच गोळी घातली असं कुणी धरत नाही, एडगर अॅलन पोनं खुनाची गोष्ट लिहिली म्हणून त्यानं प्रेत पुरलं असं कुणी म्हणत नाही. मग वस्तीतल्या काळ्या पोराच्या वहीला वेगळा कायदा का? कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदाच केला, की गाणं पुरावा म्हणून आणायचं तर न्यायाधीशानं आधी ते पारखून घ्यायचं.

गोऱ्यानं खून लिहिला की कल्पनाशक्ती. काळ्यानं लिहिला की जबानी. भाषांतर करायची गरज आहे का? आपल्याकडं ब्राह्मणानं वेश्यावस्ती लिहिली की वास्तववाद, आपण लिहिली की चारित्र्य!

असाटा शकूरचंच बघा. पँथरांमधून ब्लॅक लिबरेशन आर्मीत गेलेली बाई. १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर गोळीबार झाला, एक पोलीस आणि तिचा एक साथी मेला. १९७७ मध्ये तिला शिक्षा झाली, १९७९ मध्ये ती तुरुंगातून निसटली, १९८४ पासून क्युबात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हवानात मेली. कॉमन या रॅपरनं २००० साली तिच्यावर गाणं केलं. २०११ मध्ये त्याला व्हाइट हाऊसमध्ये कविता म्हणायला बोलावलं तेव्हा न्यू जर्सीच्या पोलिसांच्या संघटनेनं अकरा वर्षांपूर्वीचं ते गाणं काढून आरडाओरडा केला. चाहते विसरले होते. पोलीस विसरले नव्हते. आठवण कुणाची पक्की असते ते ध्यानात घ्या.

आणि आता घराकडे या. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. कबीर कला मंचानं तिथं गाणी म्हटली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. ज्योती जगतापांचा जामीन ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळला. निकालपत्रात सादरीकरणातल्या शब्दांची उकल आहे! गोमूत्र, अच्छे दिन, राममंदिर, शाकाहार या उल्लेखांतून निवडून आलेल्या सरकारविरुद्ध सूचक टोमणे मारले असा अर्थ तिथं लावलाय. टोमणा हा शाहिराचा बाप आहे. सत्यशोधकी जलशानं भटजीला टोमणे मारले नसते तर जलसा उभा तरी राहिला असता का?

२०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर गुन्हे नोंदवले गेले. सरकारवर गाणं केलं म्हणून. मुंगासेच्या गाण्यात खोक्यांचा उल्लेख होता. खोकं म्हणजे कोटी, हा मुंबईच्या बोलीतला जुना शब्द. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनीच त्याची घोषणा केली होती. आमदार पायरीवर ओरडला तर लोकशाही. पोरानं ठेक्यात म्हटलं तर गुन्हा. जुन्याजाणत्यांनो, अजून म्हणता का, की ही अमेरिकेची बडबड आहे?

—०—

कुणी विचारेल, काळ्यांच्या गाण्याशी आपलं नातं ओढूनताणून तर नाही? नाही. आपण त्यांचं नाव घेतलंय. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरात कोण मेलं हे माहीत नसणं ही कसली पँथरगिरी? त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्न तिथं न्यायचं त्यांच्या मनात होतं. ड्युबॉइस यांचं उत्तरही आलं. बाबासाहेबांनी संदर्भ ओळखला तो मिरवायला नव्हे. कागद मागवला, कारण तो वापरायचा होता. उकल कशी करावी याचा धडा त्या पत्रात आहे.

१९७३ च्या ११ ऑगस्टला ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिप हॉपचा जन्म तिथला धरतात. हमरस्त्यासाठी वस्ती उभी चिरलेली, विम्यासाठी घरमालक इमारती पेटवत होते, तो हा ब्रॉन्क्स. पाच महिन्यांनी इकडं वरळी पेटली आणि १० जानेवारी १९७४ ला पँथरच्या मोर्च्यात वरून आलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. कुणी कुणाची नक्कल केली नव्हती. लाथ एकाच जातीची होती, म्हणून किंकाळी सारखी निघाली.

पण म्हणून आरती ओवाळायची नाही! आपण बुद्धाची पोरं, तपासून घेणारी. तीन गोष्टी रोखठोक सांगतो.

एक. भलते अर्थ चिकटवू नका. ओकलंडच्या 'द कू' या गटानं 'पार्टी म्युझिक' या अल्बमसाठी जुळे मनोरे उडवल्याचं चित्र केलं होतं. ते ११ सप्टेंबर २००१ च्या काही महिने आधीचं. बॉम्बच्या कळीच्या जागी हातात वाद्य सुरात लावायचं यंत्र होतं. भांडवलशाहीवर केलेली ती थट्टा. मनोरे खरेच पडले, मुखपृष्ठ बदलावं लागलं आणि लोक भविष्यवाणी शोधायला लागले. हा पंचांग बघण्याचाच प्रकार! तसंच, गार्वे १९१६ मध्ये हार्लेमला आला आणि बाबासाहेब १९१३ ते १९१६ शेजारच्याच कोलंबिया विद्यापीठात होते, एवढं खरं. म्हणून लगेच त्यांची भेट घालून देऊ नका. पुराव्याशिवाय बोलणं हे पुराणिकांचं काम आहे.

दोन. पंथाची पोथी ती पोथीच. फाइव्ह पर्सेंटरमध्ये काळा पुरुष देव आणि बाई पृथ्वी. देव कोण आणि पायाखाली कोण, हे आपल्याला मनूनं आधीच सांगितलंय. शब्दाचा अर्थ समजून घ्या, गळ्यात बांधू नका.

तीन. बाई. इम्मॉर्टल टेक्निकचं 'डान्स विथ द डेव्हिल' हे गाणं पोरं अंधारात बसून ऐकतात. टोळीत मर्दपणा सिद्ध करायला एक पोरगा बलात्कारात सामील होतो आणि शेवटी कळतं, ती त्याची आई होती. वर्षानुवर्षं चाहते एकच खल करतात, हे खरंच घडलं का? अरे, आई निघाली म्हणून अंगावर काटा आला. परकी निघाली असती तर? हा प्रश्न का पडत नाही? मागची गोष्ट शोधायची तर ही शोधा, की मर्दपणाची परीक्षा प्रत्येक वेळी बाईच्या अंगावर का लिहिली जाते. १९८४ मध्ये क्वीन्सब्रिजच्या चौदा वर्षांच्या रॉक्सान शांतेनं पोरांच्या गाण्याला गाण्यानं तडकावलं होतं. रॅपसडी या बाईनं २०१९ च्या 'ईव्ह' अल्बममध्ये एकेका गाण्याला एकेका काळ्या बाईचं नाव दिलं. निना, सोजर्नर, अफेनी. ही यादी ज्याला वाचता येत नाही त्यानं संदर्भांच्या गप्पा मारू नयेत. आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांगामहारांच्या दुःखाविषयी लिहिणारी चौदा वर्षांची मुक्ता ज्याला माहीत नाही, त्यानं तर मुळीच नाही.

—०—

आता शेवटचं. शिकागोच्या घराचा नंबर पाठ असलेल्या आपल्या पोरांना विचारा, पोचीराम कांबळे कोण? १९७८ मध्ये नामांतरासाठी नांदेड जिल्ह्यात कसा मारला गेला? गौतम वाघमारेनं १९९३ मध्ये स्वतःला का जाळून घेतलं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात किती मेले? दहा. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास का घेतला? भीमगीतांत ही नावं येतात. मिरवणुकीत बँजो वाजतो, पोरं नाचतात, नाव कानावरून निघून जातं. अमेरिकेतल्या पोरांनी हॅम्पटनचा बिल्ला केला म्हणून मी चिडलो. आपण रमाबाई नगरचा ठेका केला त्याचं काय?

म्हणून काम सांगतो. प्रत्येक वस्तीनं एक वही घालावी. रॅप असो की भीमगीत, ओळीत नाव, तारीख, जागा आली की वहीत घ्यायची. पुढं पाच गोष्टी लिहायच्या. काय घडलं. कुणी केलं. खटला झाला का. निकाल काय लागला. आज त्या घरात कोण आहे आणि त्यांची चूल कशी पेटते. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा, तो विचारायला पायी जावं लागतं. त्याचं उत्तर ऐकून विसरायचं नसतं, तिथं मदतीला उभं राहायचं असतं. हे उत्तर वहीत उतरवायचंही नाही, पायांना माहीत असलं म्हणजे झालं. म्हाताऱ्या शाहिरांकडं बसा. ते आहेत तोवर विचारा. जिवंत माणसांचं नाव, पत्ता, बोलणं वहीत घालू नका. वही कधीही जप्त होईल असं धरूनच लिहा. आणि गाणारा पकडला गेला तर वही घेऊन कोर्टाबाहेर उभे राहा. त्याच्या ओळीचा खरा अर्थ आम्ही सांगतो म्हणा. सरकारी वकिलाला एकट्याला बोलू देऊ नका.

जुन्याजाणत्यांनो, कान उघडा. पोरांनो, कानातून बाहेर या. गाणं आपल्यासमोर पडलंय, अंगावर जखमा आहेत, आणि पंचांच्या सह्या अजून झालेल्या नाहीत. तुम्ही सही केली नाहीत तर तो करील.

जयभीम!